मॅनेजरचं मंगळवारचं वजन

त्या पोस्टात मंगळवार झालाच नाही. सोमवार झाला, मग पुन्हा एकदा सोमवार झाला, आणि त्यानंतर एकदम बुधवार. बाहेर सगळीकडे मंगळवार रीतसर पार पडला. शाळेत चाचणी परीक्षा झाली, पाण्याच्या टाकीला निळा रंग लागला, दातांच्या डॉक्टरांनी एकाची चुकीची दाढ काढली आणि मग बरोबरही काढली. पोस्टात मात्र मंगळवारचा पत्ता नव्हता, आणि जिथे सगळं कामच पत्त्यांचं, तिथे हे जरा लाजिरवाणं होतं.

चूक बाईंची होती. बाई म्हणजे त्या पोस्टाच्या मास्तर, कारकून, शिपाई आणि सकाळी केर काढणाऱ्या. चारही जागांवर त्या एकट्याच असल्यामुळे चूक ढकलायला कुणी उरलं नव्हतं. वय एकोणपन्नास. राहायला पोस्टाच्या मागेच एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एक खुर्ची. खुर्ची एकच का, असं त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं, कारण ते विचारायला आत आलेल्या माणसाला उभ्यानेच विचारावं लागलं असतं.

नऊला खिडकी उघडायची, पण त्याआधी रोजचं एक काम ठरलेलं होतं. तारखेच्या शिक्क्याच्या तोंडात तिळाएवढे लोखंडी अंक असतात. चिमट्याने कालचे अंक काढायचे, आजचे बसवायचे, स्क्रू आवळायचा, शिक्का शाईच्या गादीवर टेकवायचा आणि शिक्क्याच्या वहीत आजच्या चौकोनात एक ठसा उमटवायचा. दिवसाला एक चौकोन. बावीस वर्षं बाईंनी हे इतक्या नेमाने केलं होतं की त्यांना कुणी झोपेतून उठवून तारीख विचारली असती तर त्यांनी आधी चिमटा मागितला असता.

त्या मंगळवारी त्यांनी चिमटा उचलला, शिक्क्यात पाहिलं, तिथे सोमवार होता, आणि त्यांना वाटलं, बरोबर आहे, आज सोमवारच. कारण सोमवार होऊन गेल्याची काही खूणच नव्हती. सोमवारी एकही माणूस आला नव्हता. फोन वाजला नव्हता. एक माशी आली होती, पण तीही आत आल्यावर चूक लक्षात आल्यासारखी लगेच परत गेली होती. ज्या दिवशी काहीच झालं नाही तो दिवस होऊन गेलाय की व्हायचाय, हे सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. बाईंनी चिमटा ठेवून दिला आणि मंगळवारच्या चौकोनात दुसरा सोमवार उमटवला.

हे कळलं ते बुधवारी सकाळी आठला, टपालाची थैली घेऊन येणाऱ्या गाडीवाल्यामुळे.

“बाई, उद्या माझी रजा आहे हां. गुरुवारी बदलीवाला येईल.”

“उद्या बुधवार.”

“बाई, बुधवार चालू आहे.”

“कधीपासून?”

“पहाटेपासून,” गाडीवाला म्हणाला. “थैली घ्या आत, मला अजून नऊ पोस्टं आहेत.”

एरवी एवढ्याशा चुकीने आभाळ कोसळत नाही. पण तीन वर्षांपूर्वी सरकारने एक योजना आणली होती. लोक पत्रं लिहीनासे झाले, पोस्टं तोट्यात गेली, तरी देशभरातलं टपालाचं जाळं तुटू द्यायचं नाही असं वरच्या लोकांनी ठरवलं. लहानातल्या लहान पोस्टालाही दरसाल सरकारी आधार मिळेल, अट एकच: वर्षभरात कामाच्या एकाही दिवशी पोस्ट बंद राहता कामा नये. पोस्टात माणसं यावीत अशी अट नव्हती. ती घातली असती तर योजना सुरू होण्याआधीच यशस्वीपणे संपली असती. पोस्ट उघडं होतं की नाही हे ठरवायचं शिक्क्याच्या वहीवरून. एक चौकोन चुकला की आधार बंद. आधार बंद की पोस्ट बंद. पोस्ट बंद की बाईंची बदली साठ किलोमीटरवरच्या वर्गीकरण केंद्रात, जिथे दोनशे माणसं एका पत्र्याच्या छताखाली एकमेकांशी अक्षर न बोलता काम करायची, कारण यंत्रांपुढे काही ऐकूच यायचं नाही.

आता यावर एक सोपा उपाय होता. शिक्क्यात मंगळवारचे अंक बसवायचे आणि त्या चौकोनात, जुन्या ठशावर, जरा जोरात एक ठसा मारायचा. शाई फासली म्हणायचं. पण मागची तारीख लावणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांच्या लग्नाचं बघत होते तेव्हा आईने पाहुण्यांना मुलीचं वय दोन वर्षं कमी सांगितलं होतं, आणि पाहुण्यांसाठी आणलेला चहाचा ट्रे हातात असतानाच मुलीने ते दुरुस्त केलं होतं. चहा झाला. लग्न झालं नाही.

तेव्हा बाईंनी विभागीय कार्यालयाला पत्र लिहिलं. ‘काल मंगळवारी या कार्यालयात अनवधानाने पुन्हा सोमवार झाला. कार्यालय उघडे होते. दिलगीर आहे.’ त्यावर बुधवारचा बरोबर शिक्का मारला आणि पत्र थैलीत टाकलं. त्या दिवशी बाहेर जाणारं टपाल तेवढंच होतं. स्वतःविरुद्धची तक्रार घेऊन भली मोठी थैली गावाबाहेर पडली.

रविवारी धाकट्या भावाचा फोन आला. तो दर रविवारी करायचा, साडेपाच मिनिटं.

“ताई, तू स्वतःच कळवलंस?”

“मग कोण कळवणार? दुसरं आहे कोण इथे?”

“अगं, धन्य आहे तुझी! लोक चोऱ्या लपवतात आणि तू मंगळवार सांगत सुटलीस.”

“नसता सांगितला तर वहीत दिसलाच असता.”

“वर्षाअखेरी! तोवर वही पाण्यात पडली असती, उंदरांनी खाल्ली असती.”

“उंदीर नाहीत इथे.”

“उंदीरसुद्धा नाहीत,” भाऊ म्हणाला. “हे बघ, होऊ दे ते पोस्ट बंद. केंद्रात दोनशे माणसं आहेत. गप्पा तरी होतील.”

“गप्पा इथेही होतात.”

“कुणाशी?”

बाईंनी थोडा विचार केला. “अकरा वाजता होतात,” त्या म्हणाल्या.

अकरा वाजता लिफ्टवाले काका येत. गावात लिफ्ट एकच, विमा कंपनीच्या इमारतीत, आणि ती काकांनी चौतीस वर्षं चालवली होती. एवढ्या प्रवासात ते एकूण तीन मजल्यांच्या पलीकडे गेले नव्हते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, बायको जाऊन पाच, तरी उभं राहण्याची सवय तीच: कुठेही आत शिरले की भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे करून उभे राहायचे आणि मागून कुणी आलंच तर पोट आत घ्यायचे. पोस्टात त्यांच्या मागून कधी कुणी येत नसे. गावातल्या लोकांच्या कुलपाच्या टपालपेट्या पोस्टाच्या बाहेरच्या भिंतीत बसवल्यापासून लोक बाहेरच्या बाहेर आपापलं कुलूप उघडून पत्रं न्यायचे. बाईंना भिंतीतून किल्ल्यांचा आवाज यायचा. काकांचा आवाज समोरून यायचा.

काका पत्रासाठी येत नसत. त्यांना पत्र लिहील असं कुणी नव्हतं आणि ते लिहितील असंही कुणी नव्हतं. ते येत बोक्याचं वजन करायला.

बोका म्हातारा होता, पिवळसर, तोंडावर कायम नापसंती. काका त्याला मॅनेजर म्हणायचे, कारण विमा कंपनीचा मॅनेजरही असाच दिवसभर काही न करता सगळ्यांवर नाराज असायचा. मॅनेजरचं मूत्रपिंड कामातून चाललं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजनावर लक्ष ठेवा, रोज बघा, घसरण दिसली की या. काकांच्या घरी वजनकाटा नव्हता. वाण्याकडे होता, पण वाण्याचा अंगठा गावभर प्रसिद्ध होता. पोस्टातला पार्सलचा काटा मात्र सरकारी, विजेवर चालणारा, ग्रॅमपर्यंत खरं बोलणारा, आणि वजन झालं की तारीख-वेळ-वजनाची चिठ्ठी छापून देणारा. मागच्या एका योजनेत तो आला होता. त्याच योजनेत संगणकही आला होता, पण त्याची वायर दुसऱ्या पोस्टात गेली म्हणून तो अजून खोक्यात होता.

तर अकरा वाजता काका टोपली घेऊन येत, मॅनेजर काट्यावर बसे, बाई आकडा मोठ्याने वाचत आणि चिठ्ठी काकांना देत.

“चार किलो तीनशे वीस.”

“काल तीनशे पंचवीस होता.”

“पाच ग्रॅम म्हणजे काहीच नाही काका. मिशांचं वजन असेल.”

“मिशा आहेत अजून.”

एवढंच बोलणं. कधी कधी काका हवेबद्दल एखादं वाक्य जास्त बोलायचे, पण त्या दिवशी त्यांना घरी जायला उशीर व्हायचा. आणि नियमाप्रमाणे यातलं काहीच चालत नव्हतं. सरकारी काट्यावर टपालाशिवाय काहीही ठेवायचं नाही, असं काट्याच्या बुडाशीच लिहिलेलं होतं. जो माणूस बोका उचलून, काटा उलटा करून बघेल त्यालाच दिसावं अशा बेताने.

दुसऱ्या शुक्रवारी, म्हणजे त्या मंगळवारला दहा दिवस झाल्यावर, सकाळी दहाला विभागीय कार्यालयाची जीप दाराशी थांबली. तपासनीस साहेब उतरले. वय पस्तिशीचं, पण पोस्टं तपासून तपासून चेहरा परत आलेल्या टपालासारखा झालेला. त्यांच्याकडे एक्केचाळीस पोस्टं होती. म्हणजे सोमवारी होती. शुक्रवारपर्यंत सदतीस राहिली होती.

बाईंनी आतली खुर्ची आणून त्यांना दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

“बाई, तुम्ही उघडं ठेवलंत यावर माझा विश्वास आहे,” साहेब म्हणाले. “पण माझा विश्वास लिहायला रकाना नाही. पुरावा द्या. गाडीवाल्याची सही आहे का मंगळवारची?”

“तो आठला येतो. खिडकी नऊला उघडते.”

“म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलं, उघडं पोस्ट नाही.”

“दार पाहिलं असेल. भिंत पाहिली असेल.”

“भिंत सुटीच्या दिवशीही असते. संगणक?”

“खोक्यात आहे. वायर दुसऱ्या पोस्टात गेली.”

“कुठल्या? मी मागवतो.”

“ते बंद झालं.”

साहेबांनी मान हलवली. ते त्यांनीच बंद केलं असावं. “तिकीट विकलंत? एखादं पाकीट? काहीतरी?”

“नाही.”

“कुणी साधं आत डोकावलं?”

“काका आले होते.”

“कशाला?”

बाई गप्प झाल्या. खोटं बोलता येत नाही अशा माणसाला गप्प बसायचीच सवय लागते, पण हे गप्प बसणंही त्यांना जमेना. “वजन करायला,” त्या म्हणाल्या. “मॅनेजरचं.”

“कुठल्या मॅनेजरचं?”

“येतील ते अकराला,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच बघा.”

उरलेला वेळ साहेबांनी वही चाळण्यात घालवला. बाईंनी चहा केला. कप दोन होते, एकाला कान नव्हता. साहेबांनी कान नसलेला घेतला आणि म्हणाले, “या आठवड्यात चहा विचारलेलं हे पहिलंच पोस्ट.” मग जरा वेळाने, “म्हणजे बरोबर आहे त्यांचं. मी बंद करायला येतो. चहा कसा विचारतील?”

अकराला काका आले. अनोळखी माणूस बघून त्यांनी पाठ भिंतीला लावली आणि पोट आत घेतलं. टोपलीचं झाकण उघडून मॅनेजर बाहेर आला, साहेबांकडे बघितलं, आणि साहेब का कोण जाणे, उठून उभे राहिले. मॅनेजरने मोकळी झालेली खुर्ची घेतली.

“काका, मंगळवारी याचं वजन केलं होतं ना आपण?” बाईंनी विचारलं. “गेल्या नाही, त्याच्या आधीच्या मंगळवारी.”

“केलं होतं की. सोमवारी मी आलो नव्हतो, याला डॉक्टरांकडे नेलं होतं. मंगळवारी आलो.”

“चिठ्ठी आहे?”

काकांनी खांद्याच्या पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डॉक्टरांना दाखवायला ते तो बरोबरच बाळगायचे. आत आठ महिन्यांच्या चिठ्ठ्या, दर महिन्याला एक रबर. त्यांनी चष्मा लावला, रबर काढलं, आणि जशी एखाद्याने लिफ्ट नेमकी मजल्याला लावावी तसं बोट नेमकं त्या चिठ्ठीवर थांबवलं. साहेबांनी ती उजेडात धरली. कार्यालयाचा क्रमांक होता. मंगळवारची तारीख होती. अकरा वाजून सात मिनिटं. चार किलो तीनशे दहा ग्रॅम. बाई इतके दिवस चिठ्ठीवरचं वजन तेवढं वाचत आल्या होत्या. तारीख वाचली असती तर मंगळवार मंगळवारीच सापडला असता.

“पोस्ट उघडं होतं,” साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा या आठवड्यात पहिल्यांदा पोचलेल्या पत्रासारखा दिसला. मग तो पुन्हा पडला. “आणि सरकारी काट्यावर मांजर होतं. हे लावलं तर पोस्ट वाचतं आणि तुम्ही जाता. तुम्ही गेलात की इथे दुसरं माणूस येणार नाही. म्हणजे पोस्टही जातं.”

तिघं जरा वेळ उभे राहिले. चौथा बसला होता.

“एक आहे,” साहेब सावकाश म्हणाले. “काका, तुम्ही हा बोका पाठवायला आणला असाल तर? पार्सल म्हणून? वजन केलं, मग बाईंच्या लक्षात आलं की जिवंत आहे, आणि त्यांनी नाकारला. नाकारणं हे टपालाचंच काम आहे. त्याला फॉर्म आहे. दहा दिवसांत भरला तरी चालतो, आजची तारीख घालून.”

“आज दहावा दिवस,” बाई म्हणाल्या. “पण साहेब, काका बोका पाठवत नव्हते.”

“तुम्ही विचारलं होतं?”

“नाही.”

“मग तुम्हाला काय माहीत?” साहेब काकांकडे वळले. “काका, खरं सांगा. मंगळवारी याला कुठे पाठवायचा विचार तुमच्या मनात होता का?”

साहेबांनी तो प्रश्न हो म्हणण्याच्या सोयीसाठी विचारला होता. काकांनी तो खराच घेतला. ते बराच वेळ मॅनेजरकडे बघत राहिले.

“विचार रोजच असतो,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणतात, हा अजून वर्षभर काढेल. माझ्याबद्दल माझे डॉक्टर तेवढं बोलत नाहीत. तर मी नसलो म्हणजे याला कुठे पाठवायचा, हे रोज येतं मनात. मंगळवारीही आलं असणार. इथे येतानाच येतं. वाटेत.”

साहेबांनी फॉर्म मागितला. ‘नाकारलेली टपालवस्तू’ या फॉर्मचा गठ्ठा कपाटाच्या तळाशी होता, छापखान्याची सुतळी अजून तशीच बांधलेली. बावीस वर्षांत बाईंनी कुणाला काही नाकारलं नव्हतं. नाकारायला कुणीतरी काहीतरी आणावं लागतं.

काका साखळीला बांधलेल्या पेनाने भरायला लागले. पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं. वस्तूचं वर्णन: ‘बोका, पिवळा, एक.’ पुढे ‘घेणाऱ्याचे नाव व पत्ता’ आलं आणि पेन थांबलं.

“इथे कुणाचं लिहू?”

“ज्याला पाठवायचा त्याचं. कुणीही नातेवाईक, मित्र.”

काकांनी छताकडे पाहिलं, जसं लिफ्टमध्ये दाराच्या वरच्या आकड्यांकडे बघतात. एक गेला. दोन गेला. तीन गेला. पुढे मजले नव्हते. साहेबांनी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न केला. मॅनेजर अंग चाटू लागला.

मग काकांनी वाकून लिहिलं. हळू, ठळक अक्षरांत. काउंटरच्या आतल्या माणसाला उलटं वाचता येतं, ते त्या नोकरीत येतंच. बाईंनी उलटं वाचलं. त्यांचंच नाव होतं. खाली या पोस्टाचा पत्ता, मागची खोली.

“म्हणजे त्रास नसेल तर,” काका पेनाकडे बघत म्हणाले.

“नाही, त्रास कसला,” बाई म्हणाल्या. बावीस वर्षांत एवढं अस्पष्ट वाक्य त्या कधी बोलल्या नव्हत्या.

अजून एक रकाना उरला होता. ‘पाठवणारा व घेणारा यांचे परस्पर नाते (वस्तू जिवंत असल्यास)’. काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, रिकामं ठेवलं तर फॉर्म परत येईल. काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी शाईच्या गादीकडे पाहिलं. मग काकांनी लिहिलं, ‘रोजचे’.

साहेबांनी ते दोनदा वाचलं, नियमात बसतं का असं मनाशी तपासलं असावं, आणि सही केली. बाईंनी शुक्रवारचा शिक्का मारला. मंगळवार झाला. दहा दिवस उशिरा, पण झाला.

फॉर्मची प्रत फाडताना साहेबांनी सवयीने मागची बाजू वाचली. वाचायला नको होती, असं त्यांच्या तोंडावर दिसलं.

“बाई,” ते म्हणाले, “इथे एक कलम आहे. एकदा नाकारलेल्या वस्तूचं त्याच कार्यालयात पुन्हा वजन करू नये, आणि पाठवणाऱ्याने ती पुन्हा आणू नये. मी वाचलं नसतं तर...” ते थांबले. “पण मी वाचलं.”

काकांनी मॅनेजरला टोपलीत घातलं. आजचं वजन राहिलं होतं. झाकण लावताना ते म्हणाले, “हरकत नाही. पोस्ट राहिलं ना.” आणि निघाले.

शनिवारी काका आले नाहीत. रविवारी भावाचा फोन आला.

“काय झालं गं?”

“पोस्ट वाचलं.”

“वा! मग आता काय करतेयस?”

“बसले आहे,” बाई म्हणाल्या.

सोमवारी बाईंनी सोमवार बसवला. मंगळवारी मंगळवार बसवला, दोनदा तपासला, स्क्रू इतका आवळला की बुधवारी तो सुटता सुटेना. अकरा वाजत आणि पाच मिनिटांनी अकरा वाजून पाच होत. काट्याने तेवढ्या वेळात शून्य दाखवलं. काटा चालू आहे ना हे बघायला बाईंनी त्यावर एकदा स्वतःचा हात ठेवला. चारशे साठ ग्रॅम. चिठ्ठी आली. ती कुणाला द्यायची हे त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी ती खिशात ठेवली. सरकारी काट्याचा असा उपयोग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी केला होता. भिंतीतून किल्ल्यांचे आवाज येत होते. सरकारने टपालाचं अख्खं जाळं टिकवलं होतं. त्याच्या एका गाठीत बाई बसून होत्या.

काकांना काय झालं असेल, हे जाऊन बघता आलं असतं. घर माहीत होतं, तीन गल्ल्या सोडून. पण कामाच्या दिवशी पोस्ट बंद ठेवता येत नव्हतं, आणि बंद झाल्यावर जायचं तर काय म्हणून जायचं, हे ठरत नव्हतं. ‘रोजचे’ हे नातं कागदावर होतं. ते घेऊन कुणाच्या दाराची कडी वाजवतात का, याला फॉर्म नव्हता.

गुरुवारी अकरा वाजून सात मिनिटांनी काका आले. टोपली नव्हती. भिंतीला पाठ लावली. मग ती सोडून ते काउंटरशी आले आणि खिशातून पाकीट काढून पुढे केलं.

“हे पाठवायचंय.”

बाईंनी पाकीट घेतलं. नाव त्यांचंच होतं. पत्ता याच पोस्टाचा, मागची खोली.

“हे मला आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी इथेच आहे.”

“ते दिसतंय,” काका म्हणाले. “पण हाती दिलं तर ते टपाल होत नाही. आणि टपाल नसेल तर मी इथे कशाला आलो, असं कुणी विचारायचं.”

बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं. “अठरा ग्रॅम,” त्या मोठ्याने म्हणाल्या.

“काल किती होतं ते माहीत नाही,” काका म्हणाले.

बाईंनी तिकीट लावलं. शिक्का उचलला आणि हात मध्येच थांबला. “आज गुरुवार ना काका?”

काकांनी काट्याच्या चिठ्ठीवरची तारीख वाचली, मग शिक्क्यातली वाचली, मग दाराबाहेर एकदा बघितलं. “गुरुवारच,” ते म्हणाले.

ठसा स्वच्छ उमटला. आता हे पाकीट थैलीत जाणार, उद्या सकाळी आठला गाडीत, साठ किलोमीटर जाऊन त्या पत्र्याच्या छताखाली दोनशे माणसांच्या हातांखालून, यंत्रांच्या गोंगाटातून, आणि त्याच रस्त्याने परत याच खिडकीत. मध्ये बाईंनी ते फोडणं हा गुन्हा होता. काकांनी आत काय लिहिलंय ते तोंडाने सांगणं हा गुन्हा नव्हता, पण दोघांनाही तसं करावंसं वाटलं नाही.

“कधी मिळेल?” काकांनी विचारलं.

“परवा. शनिवारी.”

“बरं. मग शनिवारी येतो. मिळालं का विचारायला.”

“पत्र गहाळ झालं तर चौकशी करायचा हक्क आहे तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “रोजसुद्धा करता येते.”

“उद्या करतो मग. आधीच केलेली बरी.”

शुक्रवारी काकांनी चौकशी केली. बाईंनी सांगितलं, वाटेत आहे. शनिवारी आठला गाडीवाल्याने थैली दिली. बाईंनी सील तोडलं. आत एक विजेचं बिल होतं, एक औषधांची जाहिरात होती आणि ते पाकीट होतं. बिल आणि जाहिरात त्यांनी भिंतीतल्या पेट्यांत टाकली. मग शिक्क्यात शनिवार बसवला, चौकोनात उमटवला, हात धुतले आणि खुर्चीत बसून स्वतःचं टपाल उघडलं.

आत एक वहीचा कागद होता.

‘मॅनेजर. चार किलो दोनशे साठ. वाण्याच्या काट्यावर. वाण्याचा अंगठा धरून. म्हणजे थोडं कमीच समजा. बाकी ठीक.’

बाईंनी कागदाची घडी घातली. तिला ठेवायला डबा नव्हता, बिस्किटं आणावी लागणार होती. त्यांनी आतली खुर्ची उचलून काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, भिंतीला पाठ लागेल अशी ठेवली. मग खिडकी उघडली. नऊ वाजले होते. अकराला दोन तास होते.